बालकांचे वकील गिजुभाई

विज्ञानाचें शिक्षण केव्हां सुरू करावें, असा प्रश्न निघाला कीं आपल्याकडील बहुतेक सुशिक्षित गृहस्थ हायस्कुलांतील प्रयोगशाळेकडे बोट दाखवितात. तेथें कांचेच्या नळ्या आहेत, तराजू आहेत, रसायनें आहेत. तेव्हां विज्ञानाचें घर तेंच, अशी त्यांची समजूत असते. परंतु तीन वर्षांचें मूल नळाखालीं वाटी धरून ती भरून वाहूं लागेपर्यंत एकटक पाहत बसतें, मुंग्यांच्या रांगेंत काडी आडवी घालून पुढें काय होतें तें बघतें, आणि ओतलेलें पाणी खालींच कां जातें म्हणून आईचा पिच्छा पुरवितें, तेव्हां तें काय करीत असतें? आमच्या मतें तें विज्ञानच करीत असतें. दुर्दैव एवढेंच, कीं नेमक्या त्याच वेळीं घरांतून हांक येते; मुलाचे हात धुतले जातात, प्रश्न बंद केले जातात आणि त्याच्या पुढ्यांत अक्षरें गिरविण्यासाठीं पाटी ठेवली जाते. पंधराव्या वर्षीं जी वृत्ति यावी म्हणून आपण मोठ्या खर्चानें प्रयोगशाळा बांधतों, तीच वृत्ति तिसऱ्या वर्षीं आपण कांहीं खर्च न करतां मारून टाकतों.

आपल्या संविधानांत १९७६ सालीं बेचाळिसाव्या दुरुस्तीनें नागरिकांचीं मूलभूत कर्तव्यें घालण्यांत आलीं. त्यांपैकीं एक कर्तव्य असें, कीं प्रत्येक नागरिकानें वैज्ञानिक दृष्टि व जिज्ञासूवृत्ति यांचा विकास करावा. कर्तव्य थोर आहे. पण अठराव्या वर्षीं मताच्या हक्काबरोबर ही वृत्ति सरकारी टपालानें घरपोंच येत नाहीं. ती लहानपणीं जोपासली तरच मोठेपणीं हातीं लागते. हें मर्म ज्यानें आपल्या देशांत फार लवकर ओळखलें, आणि ओळखून नुसतें व्याख्यान न देतां त्यासाठीं हातची वकिली सोडली, त्या गिजुभाई बधेका यांचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गिरिजाशंकर भगवानजी बधेका हें त्यांचें पूर्ण नांव. गिजुभाई हें लोकांच्या तोंडचें. त्यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८८५ रोजीं सौराष्ट्रांतील चित्तळ गांवीं झाला. त्या काळच्या शाळेंत पाठांतर आणि छडी हेच दोन मुख्य गुरुजी असत, आणि त्यांच्याच हाताखालून त्या पिढीला जावें लागलें. तरुणपणीं, १९०७ सालीं, गिजुभाई उपजीविकेसाठीं पूर्व आफ्रिकेस गेले. दोन वर्षांनीं ते परतले. १९१० सालीं कायद्याच्या अभ्यासासाठीं मुंबईस आले. आणि १९१३ च्या सुमारास वढवाण कँप येथें, म्हणजे ज्या गांवास आज सुरेंद्रनगर म्हणतात तेथें, हायकोर्ट प्लीडर म्हणून काम करूं लागले. येथवरचें त्यांचें चरित्र शेंकडों होतकरू वकिलांच्या चरित्रासारखेंच आहे. पक्षकार येत होते, दावे चालत होते, आणि आयुष्याची वाट सरळ आंखलेली होती.

ही वाट बदलली ती एका तान्ह्या मुलामुळें. १९१३ सालींच गिजुभाईंस पुत्र झाला. आपण ज्या शाळेंत शिकलों त्याच शाळेंत याला धाडावयाचें काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसूं देईना. हा प्रश्न अनेक बापांच्या मनांत येतो व दाखल्याच्या दिवशीं विरून जातो. गिजुभाईंनीं मात्र तो एखाद्या दाव्याप्रमाणें हातीं घेतला आणि त्याचे कागद जमविण्यास सुरवात केली. गुजरातेंतील वसो येथील शिक्षणप्रेमी मोतीभाई अमीन यांच्या द्वारें त्यांना डॉ. मारिया माँटेसरी या इटालियन विदुषीच्या ग्रंथांचा परिचय झाला. या बाईंचा जन्म १८७० चा. १८९६ सालीं त्यांनीं रोम येथें वैद्यकाची पदवी घेतली, आणि ६ जानेवारी १९०७ रोजीं त्याच शहरांतील सान लोरेंझो या गरीब मजुरांच्या वस्तींत आपलें पहिलें बालगृह उघडलें. वैद्य जसा रोग्याला तपासल्यावांचून औषध देत नाहीं, तसें मुलाला पाहिल्यावांचून शिकवावयाचें नाहीं, हें त्यांच्या पद्धतीचें सार होय. बालशिक्षणाची ही क्रांति एका वैद्य बाईनें केली आणि आपल्या देशांत ती एका वकिलानें रुजविली; दोघांपैकीं कोणीही मूळचे पंतोजी नव्हेत, ही गोष्ट आम्हांस सूचक वाटते. ज्यांना वर्गाची संवय झालेली नसते, त्यांनाच कधीं कधीं वर्गांतलें मूल दिसतें.

भावनगर येथें नानाभाई भट्ट यांनीं १९१० सालीं दक्षिणामूर्ति ही संस्था स्थापिली होती. १९१६ सालीं गिजुभाईंनीं वकिलीस रामराम ठोकला व ते या संस्थेंत दाखल झाले. आरंभीं त्यांच्याकडे मोठ्या विद्यार्थ्यांचें काम होतें. तेथें त्यांना एक कटु अनुभव आला. आपल्या हातीं मुलगा येतो तोंवर त्याची घडण बहुतांशीं होऊन चुकलेली असते. भीति अंगांत मुरलेली असते, पाठांतराची संवय लागलेली असते, आणि स्वतः होऊन कांहीं विचारण्याची हौस जवळजवळ मेलेली असते. मडकें भाजून निघाल्यावर त्याला आकार देणें व्यर्थ, हें ओळखून त्यांनीं कच्च्या मातीकडे मोर्चा वळविला. १ ऑगस्ट १९२० रोजीं भावनगरास अडीच ते सहा वर्षांच्या मुलांसाठीं बालमंदिर सुरू झालें. पुढें १९२२ सालीं टेकडीवरील त्याच्या नव्या वास्तूचें उद्घाटन कस्तुरबा गांधी यांच्या हस्तें झालें.

या मंदिरांत काय चालत असे तें नीट समजून घेतलें पाहिजे. कारण पाहुण्याला तो वरवर पाहतां खेळच वाटावा. माँटेसरी पद्धतींतील एक साधें साधन घ्या. लांकडाच्या ठोकळ्यांत दहा खोबणी असतात व त्यांत नेमक्या बसणाऱ्या दहा दट्ट्या. असे चार ठोकळे असतात. एकांत दट्ट्यांची जाडी बदलते, एकांत उंची, बाकीच्यांत दोन्ही. मूल सर्व दट्ट्या बाहेर काढतें आणि पुन्हा जागच्या जागीं बसवूं पाहतें. एखादी जाड दट्ट्या बारीक खोबणींत जात नाहीं; एखादी बारीक दट्ट्या रुंद खोबणींत डुगडुगते; आणि शेवटीं एक अशी उरते, कीं तिला जागाच राहत नाहीं. चूक झाली हें सांगण्यास येथें गुरुजी लागत नाहींत. ती लांकडानेंच सांगितलेली असते. मूल विचारांत पडतें, सर्व काढतें, पुन्हा ताडून पाहतें, आणि एकदां सर्व जुळलें म्हणजे तेथेंच न थांबतां तोच खेळ दहा वेळां करतें.

सुज्ञ वाचकांनीं विचार करावा, कीं यांत व प्रयोगशाळेंतील शास्त्रज्ञाच्या कामांत प्रकाराचा भेद कोणता? अंदाज बांधणें, तो वस्तूवर घासून पाहणें, वस्तूनें नाहीं म्हटलें तर निमूटपणें अंदाज बदलणें, आणि निकाल पुनःपुन्हा तोच येतो कीं नाहीं याची खात्री करणें, यालाच प्रयोग म्हणतात. तीच गोष्ट इतर साधनांची. एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत चढत जाणाऱ्या दहा घनांचा मनोरा रचतांना मुलाच्या हाताला परिमाण कळतें. दिसण्यांत सारख्या पण निरनिराळ्या लांकडांच्या पट्ट्या तळहातावर तोलतांना जडपणा आणि आकार या दोन गोष्टी एक नव्हेत हें त्याला उमगतें. मिटल्या डोळ्यांनीं खरखरीत व गुळगुळीत ओळखणें, डब्या हलवून समान आवाजाच्या जोड्या लावणें, एकाच रंगाच्या फिक्या-गडद छटा क्रमानें मांडणें, या सर्वांत वर्गीकरण आहे, तुलना आहे, क्रम आहे. वजन, घनता, ध्वनि हे शब्द मुलाला नंतर भेटतील. पण जेव्हां भेटतील तेव्हां ते ओळखीचे निघतील.

आम्ही कायद्याचे अभ्यासक असल्यामुळें येथें एक गोष्ट आम्हांस विशेष जाणवते. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें असा नियम घालून दिला, कीं तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे. पाहिलेल्या गोष्टीविषयीं ज्यानें पाहिली त्यानेंच बोलावें. २०२३ च्या नव्या साक्ष अधिनियमानेंही हाच दंडक कायम ठेविला आहे. आपल्या नैयायिकांनीं तर चार प्रमाणें सांगतांना प्रत्यक्षाला पहिलें स्थान दिलें आणि शब्दाला शेवटचें. पांच रुपयांच्या दाव्यांत जी ऐकीव साक्ष आपण उभी राहूं देत नाहीं, तिच्यावरच आपल्या मुलांचें सगळें ज्ञान आपण उभारतों! बीं रुजतें हें पुस्तकांत लिहिलें आहे म्हणून खरें; पाण्यांत दगड बुडतो व लांकूड तरंगतें हें बाईंनीं सांगितलें म्हणून खरें. गिजुभाई कोर्टांतून बाहेर पडले खरे. पण कोर्टांतील हा सर्वोत्तम नियम ते बरोबर घेऊन आले आणि बालमंदिराच्या दारावर त्यांनीं जणूं तो टांगला, असें आम्हांस वाटतें. तेथें मूल हें साक्षीदारही होतें आणि न्यायाधीशही.

साधनांच्या खोलीवरच गिजुभाई थांबले नाहींत. बागकाम, निसर्गाचें निरीक्षण, मातीकाम, चित्रें, संगीत, नाट्य आणि गोष्टी यांना त्यांच्या बालमंदिरांत मानाचें स्थान होतें. माँटेसरी बाईंचा कल्पित कथांकडे फारसा ओढा नव्हता. गिजुभाईंनीं मात्र लोककथांचें भांडार मुलांपुढें मोकळें केलें आणि गोष्ट कशी सांगावी याचें शास्त्र लिहिलें. परकीय पद्धतीचे ते अंधभक्त नव्हते, याचा याहून चांगला दाखला कोणता? त्यांनीं तत्त्व घेतलें, आणि तें आपल्या भूमींत, आपल्या भाषेंत, आपल्या सुताराच्या हातांनीं उभें केलें. स्वदेशी या शब्दाचा खरा अर्थ हाच होय. परदेशांतून आलेलें ज्ञान नाकारणें हा स्वाभिमान नव्हे, आणि जसेंच्या तसें डोक्यावर घेणें ही सुधारणा नव्हे.

आक्षेपांस अर्थातच तोटा नव्हता, आजही नाहीं. खेळत बसलीं तर मुलें शिकणार कधीं, हा पहिला. साधनांस पैसा कोठून आणावयाचा, हा दुसरा. धाक नसला तर वळण कसें लागेल, हा तिसरा. पहिल्याचें उत्तर वर आलेंच आहे. दुसऱ्याचें उत्तर पुढें महाराष्ट्रानें दिलें, तें आम्ही लवकरच सांगूं. तिसऱ्यासंबंधानें गिजुभाई अत्यंत निष्ठुर होते. मुलांशीं नव्हे, मोठ्यांशीं. शिक्षा नको, तशीं बक्षिसेंही नकोत, आणि मुलांमुलांत चढाओढही नको, असा त्यांचा आग्रह असे. पुष्कळांना यांत केवळ दयाळूपणा दिसतो. आम्हांस यांत विज्ञानाची पहिली अट दिसते. ज्या मुलाला चुकीची भीति आहे तें अंदाज बांधीत नाहीं. तें मोठ्यांच्या तोंडाकडे पाहून उत्तर देतें. ज्याला बक्षिसाची आशा आहे तें वस्तूकडे न पाहतां बक्षिसाकडे पाहतें. दोघांचीही दृष्टि सत्यावरून ढळलेली असते. निर्भयपणा हा नीतीचा गुण आहे तितकाच तो निरीक्षणाचाही गुण आहे. जें राष्ट्र दीडशें वर्षें वरिष्ठाचें तोंड पाहून बोलण्यास शिकलें, त्याला हा गुण बालपणापासून पाजण्याची गरज होती. आणि ती गरज अजून संपलेली नाहीं.

बालमंदिराची कीर्ति पसरली तसें काम वाढलें. शिक्षकांस तयार करण्याची सोय झाली. १९२५ सालीं भावनगरास माँटेसरी संमेलन भरलें, १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली, आणि १९२८ सालीं दुसरें संमेलन अहमदाबादेस भरलें. शिक्षणपत्रिका या मासिकांतून हा विचार प्रथम गुजरातींत आणि पुढें मराठी व हिंदींतही घरोघर गेला. गिजुभाईंनीं मुलांसाठीं, शिक्षकांसाठीं आणि आईबापांसाठीं अखंड लेखन केलें. त्यांच्या दिवास्वप्न या पुस्तकांत एक कल्पित शिक्षक चौथीच्या वर्गावर नवे प्रयोग करतो. तें पुस्तक आज अनेक भारतीय भाषांत वाचलें जातें. आईबाप होणें किती कठीण आहे हें सांगणारें एक पुस्तक त्यांनीं लिहिलें, आणि मुलांच्या प्रश्नांवर वैतागणाऱ्या वडील मंडळींस आरसा दाखविणारें दुसरें. ज्या पुरुषाला लोकांनीं मिशावाली आई असें नांव दिलें, त्याचा हा अधिकारच होता. मूल सांभाळणें हें बायकांचें काम म्हणून हात झटकणाऱ्या समाजांत एका वकिलानें तें नांव भूषण म्हणून मिरविलें, ही सामाजिक सुधारणा लहान नव्हे.

१९३६ सालीं गिजुभाई दक्षिणामूर्ति संस्थेंतून बाहेर पडले; पण काम सुटलें नाहीं. अखेरच्या काळांत राजकोट येथें शिक्षक घडविण्याचा त्यांचा उद्योग चाललाच होता. श्रमांनीं खंगलेलें शरीर मात्र फार साथ देऊं शकलें नाहीं. २३ जून १९३९ रोजीं, वयाच्या चौपन्नाव्या वर्षीं, मुंबईस त्यांचें निधन झालें. त्यानंतर जेमतेम चार महिने लोटले, आणि नोव्हेंबरांत माँटेसरी बाई हिंदुस्थानांत उतरल्या. ज्या भूमींत त्यांच्या विचाराची मशागत गिजुभाईंनीं वीस वर्षें केली, त्या भूमीवर त्यांचें स्वागत करण्यास गिजुभाई उरले नव्हते.

त्यांचा वारसा महाराष्ट्रांत आला तो ताराबाई मोडक यांच्या द्वारें. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजांत प्राचार्या असलेल्या ताराबाई १९२३ सालीं मानाची जागा सोडून भावनगरास गिजुभाईंच्या कामांत सामील झाल्या. १९३६ सालीं त्यांनीं मुंबईंत दादर येथें शिशुविहार सुरू केला, आणि १९४५ सालीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडलें. तेथें अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ सालीं हें काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासींच्या वस्तींत गेलें. साधनांच्या खर्चाचा जो आक्षेप वर सांगितला, त्याचा निकाल येथें लागला. शिंपले, गोटे, बिया, पानें, काड्या, माती यांचींच साधनें झालीं. मुलें शाळेंत येत नाहींत तर शाळाच त्यांच्या अंगणांत नेण्यांत आली. आणि जीं पोरें गुरें राखावयास जात त्यांच्यासाठीं कुरणशाळा निघाली. चिंचोके मोजून, पानांच्या कडा न्याहाळून, ओल्या व सुक्या मातीचा भेद बोटांनीं जाणून घेण्यास पैसा लागत नाहीं. लागते ती बसून पाहणारी, आणि मुलाला पाहूं देणारी शिक्षिका.

आतां कायद्याकडे वळूं. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं देशांत एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द खेडोपाडीं पोंचला. २००२ सालीं शहाऐंशीव्या दुरुस्तीनें शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. पण तो सहा ते चौदा या वयापुरता. सहा वर्षांखालील बालकांसाठीं पंचेचाळिसाव्या अनुच्छेदांत राज्यानें प्रयत्न करावा एवढेंच म्हटलें, आणि तो अनुच्छेद ज्या भागांत आहे त्यावर कोर्टांत दाद मागतां येत नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अकराव्या कलमानेंही तीन वर्षांवरील मुलांसाठीं सरकार व्यवस्था करूं शकेल असें म्हटलें. करीलच असें नव्हे. करूं शकेल आणि केलेंच पाहिजे यांतील अंतर किती असतें, तें कोणत्याही वकिलास विचारावें. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणानें तीन ते आठ हीं वर्षें पायाभूत मानून खेळांतून व शोधांतून शिकण्यावर भर दिला, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु धोरण म्हणजे कायदा नव्हे, आणि कायदा म्हणजेही अंमल नव्हे.

म्हणून आमची मागणी तिहेरी आहे. पहिली सरकारकडे : तीन ते सहा वयाच्या बालकाच्या शिक्षणाला निःसंदिग्ध हक्काचें रूप द्यावें, आणि अंगणवाडीच्या सेविकेला निरीक्षणाचें व बालप्रयोगांचें शिक्षण, पुरेसा पगार आणि वेळ, हीं तिन्ही द्यावीं. तिच्या हातीं नोंदवह्यांचा ढीग देऊन तिच्याकडून बालमंदिराची अपेक्षा करणें हा अन्याय आहे. दुसरी शाळाचालकांकडे : तीन वर्षांच्या मुलाच्या हातांत लिखाणाची वही देण्यापूर्वीं त्याला मातीचा एक वाफा, पाण्याचें एक घंगाळ, एक साधा तराजू आणि एक भिंग द्यावें. तिसरी, आणि सर्वांत कठीण, आईबापांकडे : मुलानें कां म्हणून विचारलें तर उत्तर देण्याची घाई करूं नये, शक्य असेल तेथें चल, पाहूं या, एवढेंच म्हणावें आणि खरोखरच उठावें.

गिजुभाईंनीं वकिली सोडली असें चरित्रकार लिहितात. आमच्या मतें त्यांनीं फक्त पक्षकार बदलला. ज्यांना वकीलपत्रावर सही करतां येत नाहीं, फी देतां येत नाहीं आणि कोर्टांत उभें राहून बोलतां येत नाहीं, अशा पक्षकारांची बाजू त्यांनीं वीस वर्षांहून अधिक काळ लढविली. त्या दाव्याचा निकाल अद्याप लागावयाचा आहे. आणि तो देण्याचें काम कोणत्याही न्यायालयाकडे नसून प्रत्येक घरांतील वडील माणसांकडे आहे.